कॉफीची कॅप्सूल ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या? आणि पोटात काय जातं?

ठाण्याहून एका निवृत्त शिक्षिकेने विचारलंय. मुलगा चार वर्षं जर्मनीत राहून परत आला, येताना कॅप्सूलचं कॉफी मशीन घेऊन आला. कॅप्सूल म्हणजे एका कपापुरती पूड भरलेली सीलबंद डबी. मशीन ती टोचून तिच्यातून गरम पाणी सोडतं. आता घरात रोज पाच-सहा कॅप्सूल लागतात. सुनेला चौथा महिना आहे आणि तिलाही या कॉफीची सवय आहे. गरम पाणी ॲल्युमिनियममधून जातं, ते पोटात उतरतं का? कॅप्सूलच्या कॉफीत कॅन्सर करणारं काहीतरी असतं असा मेसेज फिरतोय, त्यात तथ्य किती? मुलगा म्हणतो, हे सगळं रिसायकल होतं, उलट साध्या कॉफीपेक्षा पर्यावरणाला बरंच. हे खरं का? आणि शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला: "वापरलेली कॅप्सूल ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या? मला ठरवता येत नाही, म्हणून मी त्या श्रीखंडाच्या डब्यात साठवतेय."

ताई, मी गेली सव्वीस वर्षं खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंगमध्ये काम करतेय. पहिली अकरा वर्षं फॉइलच्या कारखान्यात गेली. गोळ्यांच्या पट्ट्या, चीजचे चौकोन, दह्याच्या कपांची झाकणं. नंतर कॉफी पॅक करणाऱ्यांसाठी काम केलं, त्यात कॅप्सूलही आल्या. माझं मत आधीच सांगून टाकते. तुमच्या पोटाची मला फारशी काळजी वाटत नाही. सुनेच्या कॅफीनची थोडी वाटते. तुमच्या त्या श्रीखंडाच्या डब्याची मात्र खूप वाटते.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मी घरातली एक ॲल्युमिनियमची कॅप्सूल घेतली आणि सोनाराच्या काट्यावर ठेवली. न वापरलेली कॅप्सूल भरली ६.४ ग्रॅम. झाकण सोलून पूड काढली, ती ५.३ ग्रॅम. रिकामं कवच आणि झाकण मिळून १.१ ग्रॅम. मग तशीच दुसरी मशीनमध्ये घालून कॉफी काढली आणि वापरून झालेली कॅप्सूल काट्यावर ठेवली, तर ११.७ ग्रॅम. म्हणजे कॅप्सूल कचऱ्यात जाते तेव्हा तिच्यात एक ग्रॅम चांगला धातू असतो आणि दहा ग्रॅमच्या वर ओला चोथा. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता ॲल्युमिनियमचं. रिकाम्या कवचात बोट फिरवून पाहा. धातू खरखरीत लागत नाही, गुळगुळीत लागतं, कारण आतून खाद्यपदार्थांसाठीच्या लॅकरचा, म्हणजे वॉर्निशसारख्या लेपाचा, पातळ थर असतो. कॉफी आम्लधर्मी असते, ती उघड्या धातूला लागू नये म्हणून हा थर. कारखान्यात आम्ही अशा थराची परीक्षा मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणाने घ्यायचो. थराला सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी तिथे तांब्याचा लालसर ठिपका उमटतो. एका ठिपक्यावरून अख्खा रोल परत गेलेला मी पाहिलाय. मशीनमध्ये कॅप्सूल टोचली जाते तिथे मात्र धातू उघडा पडतो, पण कडेची ती एवढीशी जागा आणि पाण्याचा संबंध जेमतेम अर्धा मिनिट. त्यातून उतरलंच तर मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागेल. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये घालून दिलेली मर्यादा आहे आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

याउलट, आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आमसुलाचं सार उकळतात, टोमॅटोची आमटी रात्रभर तशीच ठेवतात. त्या पातेल्याला आतून लॅकर नसतं. धातूचीच काळजी करायची तर आधी ते पातेलं बदला आणि आंबट पदार्थ स्टीलमध्ये करा. कोणाची मूत्रपिंडं निकामी असतील, डायलिसिस चालू असेल, तर ॲल्युमिनियमच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच चालावं. बाकीच्यांनी कॅप्सूलला या कारणासाठी घाबरू नये. ॲल्युमिनियममुळे विसरभोळेपणाचा आजार होतो ही भीती मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकतेय. इतकी वर्षं संशोधन होऊनही स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियममुळे अल्झायमर होतो असं सिद्ध झालेलं नाही.

कॅन्सरचा मेसेज मात्र पूर्ण हवेतला नाही. तो बहुधा फ्युरान या पदार्थाबद्दल असावा. कॉफीचे दाणे भाजताना फ्युरान आपोआप तयार होतं. बाहेरून कोणी घालत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते यकृताला घातक ठरलं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते १९९५ मध्ये 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेलं' या गटात टाकलं. बार्सिलोना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये निरनिराळ्या कॉफ्यांतलं फ्युरान मोजून प्रसिद्ध केलं. कॅप्सूलच्या कॉफीत ते दर मिलिलिटरला ११७ ते २४४ नॅनोग्रॅम सापडलं, फिल्टर मशीनच्या कॉफीत २० ते ७८, आणि इन्स्टंटमध्ये १२ ते ३५.

हा फरक का पडतो हे माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. फ्युरान ३१ अंशांना उकळतं, म्हणजे ठाण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी ते आपणहूनच उडून जाईल. पूड दळून उघडी राहिली, बरणीचं झाकण रोज निघालं, कॉफी पातेल्यात उकळली, की ते हवेत जातं. कॅप्सूलमध्ये जायला वाटच नसते. नायट्रोजन भरून, झाकण उष्णतेने चिकटवून, आत प्राणवायूचा अंश राहणार नाही असं आम्ही बघतो. वर्षभराने उघडलेल्या कॅप्सूललाही वास येतो तो त्यामुळेच. वास अडवणारी भिंत फ्युरानही अडवते. सीलिंगच्या मशीनवर दोन्हींतलं एक ठेवून दुसरं सोडता येत नाही.

त्याच संशोधकांनी हिशोब मांडला होता की सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला निदान वीस कॅप्सूल प्यायल्या तर त्यांनी धरलेली मर्यादा गाठली जाईल. युरोपीय संस्थेने २०१७ मध्ये हा विषय पुन्हा तपासला आणि जास्त प्रमाणात फ्युरान जाणाऱ्यांच्या यकृताबद्दल चिंता व्यक्त केली, म्हणून मी 'काहीच नाही' असं म्हणणार नाही. पण जोडीला हेही ठेवा. त्याच कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये कॉफी या पेयाचा आढावा घेतला, १९९१ मध्ये तिच्यावर ठेवलेला मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय मागे घेतला, आणि कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी दिसतो अशी नोंद केली. ज्या यकृताची फ्युरानमुळे भीती, त्याच यकृताबद्दलची ही नोंद. उपाय सोपा आहे. कप भरल्यावर दोन-तीन मिनिटं उघडा ठेवा, चमचा फिरवा, मग प्या. त्याच २०१६ च्या आढाव्यात ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेला घातक ठरू शकतात असं म्हटलंय. ती दोन मिनिटं त्यासाठीही कामी येतात.

तुमच्या मशीनला प्लास्टिकच्या कॅप्सूलही बसत असतील. त्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, मध्ये प्राणवायू अडवणारा दुसऱ्या प्लास्टिकचा थर. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये याच प्लास्टिकच्या बाळाच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा गरम पाण्यात लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटलेले आढळले, आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त. बाटलीत पाणी बराच वेळ राहतं आणि ती हलवली जाते, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा कॅप्सूलला लावू नका. या कणांचं शरीरात पुढे काय होतं यावर अजून काम चालू आहे. पण घरात गरोदर मुलगी आहे. दोन्ही मिळत असतील तर मी ॲल्युमिनियमची घेईन.

आता सुनेकडे येते. युरोपीय संस्थेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: धडधाकट माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन, गरोदर बाईला २००. यात चहा, कोला, चॉकलेट सगळं आलं. लहान कपाच्या कॅप्सूलमध्ये साधारण ५५ ते ६५ मिलिग्रॅम असतं, मोठ्या कपाच्या किंवा रोबस्टा जातीचे दाणे जास्त असलेल्या कॅप्सूलमध्ये याहून बरंच जास्त. आपल्या आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहार मार्गदर्शिकेत चहाच्या कपाला ३० ते ६५ मिलिग्रॅम धरलंय. ठाण्याच्या घरात सकाळचा आणि चारचा चहा काही सुटत नसणार. दोन चहा आणि दोन कॅप्सूल म्हटलं की २०० ची रेघ आली. तिने कॅप्सूल एकीवर आणावी, किंवा दुसरी डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली, घ्यावी, आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं. पाकिटावर कॅफीनचा आकडा नसेल तर कंपनीला लिहून विचारा. खरी माहिती असेल त्यांना सांगता येतं.

आणि एक गोष्ट कॅफीनहून मला जास्त महत्त्वाची वाटते. कॉफी आणि चहा दोन्ही अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. आपल्याकडे गरोदरपणात हिमोग्लोबिन कमी असणं घरोघरी आहे. लोहाच्या गोळीवर किंवा जेवणावर कॉफी प्यायली तर गोळीचा पुरा उपयोग होत नाही. आयसीएमआरनेही जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय. सुनेला एवढं एक सांगितलंत तरी या उत्तराचं सार्थक होईल.

मशीनबद्दल कोणी विचारत नाही, पण ते विचारायला हवं. व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दहा कॅप्सूल मशीनांच्या खालच्या ट्रेमधलं सांडलेलं पाणी तपासलं. सगळ्या मशीनांत जिवाणूंची वस्ती होती, तीही कॉफीत आणि कॅफीनमध्ये तग धरणारी. नवं मशीन दोन महिन्यांत भरून जातं. कपात हे जिवाणू येतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं, पण ट्रेला हात लावून त्याच हाताने कप उचलणारे आपणच असतो. म्हणून ट्रे आणि वापरलेल्या कॅप्सूल पडतात तो कप्पा रोज रिकामा करून साबणाने धुवा. टाकीतलं पाणी रोज बदला. पावसाळ्यात तर एक दिवसही तसं ठेवू नका. क्षार काढायचं औषध फिरवल्यावर दोन टाक्या साधं पाणी काढून टाकून द्या. जर्मन जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१३ मध्ये काही एस्प्रेसो मशीनांतून क्षार काढल्यानंतर लगेच शिसं उतरताना पाहिलं होतं. कॅप्सूल मशीनांत तसं आढळलं नाही, तरी सवय चांगली.

आता चिरंजीवांचं म्हणणं. ते निम्मं बरोबर आहे, आणि तो निम्मा भाग लोकांना माहीत नसतो. कपभर कॉफीतून होणाऱ्या नुकसानाचा मोठा वाटा शेतात असतो. खत, पाणी, जंगलतोड, दाण्यांवरची प्रक्रिया. डच अभ्यासकांनी पूर्वी काढलेला आकडा आहे की सात ग्रॅम कॉफीच्या एका कपामागे सुमारे १४० लिटर पाणी लागतं. त्यातलं बहुतेक पावसाचं, पण लागतं. म्हणून जो कमी पूड वापरतो तो कमी नुकसान करतो. कॅनडात क्वेबेकमधल्या शिकूतिमी इथल्या विद्यापीठाच्या मंडळींनी २०२३ मध्ये हेच मांडलं. २८० मिलिलिटर कॉफीला त्यांनी फिल्टरमध्ये २५ ग्रॅम पूड धरली, कॅप्सूलमध्ये १४ ग्रॅम, आणि इन्स्टंट १२ ग्रॅम. वाचलेली ११ ग्रॅम ब्राझीलची कॉफी पिकवताना साधारण ५९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटला असता. कॅप्सूल बनवून कचराभूमीत टाकण्याचा खर्च २७ ग्रॅम. म्हणून कॅप्सूल पुढे.

हा हिशोब मी दहा वेळा तपासून पाहिलाय आणि त्यात खोट नाही. पण तो कॅनडातल्या मोठ्या मगांचा आहे, जिथे लोक अंदाजे पूड ओततात, जास्तीची कॉफी करतात आणि उरलेली बेसिनमध्ये ओततात. आपल्या घरात असं कोण करतं? चमचा मोजून घातलेली, वेलची-जायफळ घालून दुधात उकळलेली आपली जुनी कॉफी पुडीच्या बाबतीत अत्यंत काटकसरी आहे. शिवाय कॅनडाच्या हिशोबात इन्स्टंट कॅप्सूलच्याही पुढे होती, हे मुलाला आवर्जून सांगा. आणि दुधाचं काय? लिटरभर दुधामागे जगाची सरासरी तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड आहे. अर्धा कप दूध घातलं की कॉफी आणि कवच दोन्ही त्याच्यापुढे लहान पडतात. मी दूध सोडा म्हणत नाही, मीही सोडलेलं नाही. पण कपाच्या कार्बनवर वाद घालायचा तर दुधाचा आकडा समोर हवा.

त्या एक ग्रॅम धातूची गोष्ट मात्र मला मनापासून लागते. खनिजापासून ॲल्युमिनियम बनवायला किलोमागे चौदा-पंधरा युनिट वीज जाते, आणि आपल्या देशात ती बहुतांशी कोळशाची असते. एका कॅप्सूलच्या विजेवर नऊ वॉटचा दिवा दीड तासाच्या वर जळेल. टनभर ॲल्युमिनियमसाठी चार-पाच टन बॉक्साइट हे खनिज लागतं, आणि मागे लाल चिखल उरतो. हे बॉक्साइट कुठून तरी लांबून येतं असं समजू नका. कोल्हापूरच्या राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, याच्या खाणी आहेत. पावसाळ्यात ज्या सड्यांवर फुलांचे गालिचे पडतात, त्याच सड्यांच्या तांबड्या खडकात ते असतं. मी तिथली उघडी पडलेली खाण पाहिलीय. खडकावरचा तो वीतभर मातीचा थर एकदा निघाला की फुलं परत येत नाहीत. इतकी किंमत मोजून मिळालेला धातू आपण पाच ग्रॅम कॉफी ठेवायला एकदा वापरतो. वापरलेलं ॲल्युमिनियम पुन्हा वितळवलं तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि ते कितीही वेळा वितळवता येतं. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं. तो ग्रॅम परत मिळतो का?

जर्मनीत मिळण्याची सोय तरी आहे. तुमच्या मुलाने तिथे कॅप्सूल वेष्टनांच्या कचऱ्यासाठीच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या असतील. कंपन्या त्याचे पैसे भरतात, आणि कारखान्यात चुंबकीय क्षेत्र फिरवून ॲल्युमिनियम बाजूला उडवणारी यंत्रं असतात. तरी तिथेही लहान तुकडे चाळणीतून खाली निसटतातच. जिथे ही कल्पना जन्मली त्या स्वित्झर्लंडमध्ये नेस्लेच्या एरिक फाव्र या इंजिनिअरने १९७६ मध्ये पेटंट घेतलं, १९८६ मध्ये नेस्प्रेसो कंपनी निघाली, आणि वापरलेल्या कॅप्सूल परत घेण्याची सोय सुरू झाली १९९१ मध्ये. हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशातून कॅप्सूल विकत घ्यायलाच बंदी केली. अमेरिकेत प्लास्टिकच्या कॅप्सूल बनवणाऱ्या क्यूरिगला रिसायकलिंगबद्दल पुरी माहिती न दिल्यापायी २०२४ मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाकडे पंधरा लाख डॉलर भरावे लागले.

तुमच्या ओला-सुक्याच्या प्रश्नात तुम्ही एकट्या नाही आहात. युरोपच्या कायद्यालाही तो सुटला नव्हता. कॉफीच्या चोथ्यासकट टाकली जाणारी कॅप्सूल ही 'पॅकेजिंग' नव्हेच, असं त्यांच्या नियमांत २०१३ मध्ये लिहिलं गेलं. म्हणजे ती वेष्टनही नाही आणि अन्नही नाही. आता २०२५ च्या नव्या नियमाने तिला वेष्टन ठरवलंय, आणि तो नियम ऑगस्ट २०२६ पासून लागू होतो.

आपल्याकडे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पुण्यात एका ऑफिसने मला कचऱ्याचा हिशोब करायला बोलावलं होतं. चाळीस माणसं, प्रत्येकी दोन कॅप्सूल, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे महिन्याला १,७६० कॅप्सूल. विकणाऱ्याने खोक्यावर 'शंभर टक्के पुनर्वापरयोग्य' छापलं होतं, पण परत न्यायला कोणी येत नव्हतं. चार वेळा फोन केल्यावर 'तुमच्या शहरात अजून ती सेवा नाही' असं उत्तर आलं. साठवलेल्या पिशवीत चौथ्या दिवशी पांढरी बुरशी आणि चिलटं. ती पिशवी मी कचरा वर्गीकरणाच्या शेडवर घेऊन गेले. तिथल्या पन्नाशीच्या मावशींनी एक कॅप्सूल उचलली, अंगठ्याने दाबली, काळं पाणी मनगटावरून खाली ओघळलं. "ताई, हा डबा नाही, पिशवी नाही. हे कशात टाकू?" म्हणाल्या. कोल्ड्रिंकचा कॅन त्या एका पायाने चेपतात आणि गोणीत टाकतात, त्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास माल असतो, धुवावा लागत नाही. इथे एक ग्रॅमसाठी चाकू घ्यायचा, झाकण कापायचं, चोथा कोरायचा, विसळायचं. मी स्वतः बसून केलं. हात बसल्यावरही एका कॅप्सूलला पंधरा सेकंद लागले. १,७६० कॅप्सूलला सात तास वीस मिनिटं झाली. हाती आलं पावणेदोन-दोन किलो ॲल्युमिनियम, भंगारात किलोला शंभर रुपयांच्या आसपास धरा. दिवसभर वाकून बसल्याचे दोनशे रुपये. त्या मावशींनी पिशवी मिश्र कचऱ्यात टाकली, आणि मी त्यांना काय म्हणून अडवणार होते?

हा माझा खरा आक्षेप आहे. ओलं आणि सुकं वेगळं करण्याचं काम, जे आपण घरात दोन डब्यांनी करतो, ते कॅप्सूलने पाच ग्रॅमच्या डबीत कोंबून दुसऱ्या कोणाच्या तरी हातावर ढकललंय. ओल्यात टाकली तर खतात धातू आणि लॅकर जातं. सुक्यात टाकली तर कागद भिजतो आणि कुजतो. कागद भिजला की त्याचा भाव जातो, आणि तो भाव त्या मावशींच्या पोटाचा असतो.

'कंपोस्टेबल' कॅप्सूलही बाजारात आहेत. नीट वाचून घ्या. बहुतेक पीएलए नावाच्या, मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकच्या असतात. त्यांची परीक्षा साधारण ५८ अंशांच्या औद्योगिक खतप्रकल्पात घेतली जाते. तुमच्या गच्चीतल्या खताच्या कुंडीत इतकी उष्णता टिकत नाही. एका कुंडीत मी अशी कॅप्सूल दीड वर्ष ठेवली होती. भाज्यांची देठं, पालापाचोळा सगळं माती झालं आणि ती जशीच्या तशी हातात आली, फक्त रंग मळकट. स्वित्झर्लंडच्या मिग्रोसने २०२२ मध्ये कवच नसलेला कॉफीचा गोळा काढला, वरून समुद्री शेवाळापासून केलेला पातळ लेप. ती दिशा मला योग्य वाटते, पण तिला वेगळं मशीन लागतं.

मग करायचं काय? मशीन फेकू नका, तेही कचराच होईल. तुमच्या मशीनला बसणारी स्टीलची, पुन्हापुन्हा भरता येणारी कॅप्सूल मिळते. ती घ्या. चिकमंगळूर किंवा कूर्गची ताजी पूड बारीक दळून आणा, पाच-साडेपाच ग्रॅम भरा, चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा, झाकण लावा. पहिले आठ-दहा कप फसतील, पाणी एकदम पळेल किंवा थेंब थेंब येईल. दळण थोडं बदललं की जमतं. पैशाचंही बघा. चाळीस-पन्नास रुपयांची कॅप्सूल म्हणजे किलोला साडेसात ते साडेनऊ हजारांची कॉफी. उत्तम पूड त्याच्या कितीतरी खाली मिळते. मुलगा तयार नसेल तर कॅप्सूल पाहुण्यांपुरती आणि रविवारपुरती ठेवा. विकत घेण्याआधी कंपनीला एकच विचारा, ठाण्यात परत घेता का, आणि कुठे. उत्तर लेखी घ्या.

तोवर ज्या वापराल त्या त्याच दिवशी, चोथा ओला असतानाच उघडा. वाळला की तो घट्ट बसतो. झाकणाच्या कडेला चमच्याचं टोक घालून फॉइल ओढा, चोथा एका वाटीत पाडा, कवच भांडी घासून झाल्यावरच्या उरलेल्या पाण्यात विसळा. चोथा कुंडीत थेट जाड थराने टाकू नका, त्याची पापडी होते आणि पाणी मुळापर्यंत जात नाही. सुक्या पाल्यात मिसळून खताच्या कुंडीत टाका. कवचं कोरडी करून कोल्ड्रिंकच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये भरा, आणि कॅन भरला की पायाने चेपा. आता त्याला वजन आहे, आकार आहे, तो चाळणीतून निसटणार नाही. भंगारवाला तो हातात घेऊन बघेल आणि ठेवून घेईल.

श्रीखंडाच्या डब्यात आधीच साठलेल्यांवर बुरशी आलेली असणार. सुनेला त्या कामाला लावू नका, आणि तुम्हीही नाका-तोंडाला रुमाल बांधून, खिडकीशी किंवा गॅलरीत बसूनच उघडा. डबा आधी गरम पाणी ओतून अर्धा तास ठेवा म्हणजे बुरशीची धूळ उडणार नाही. रोजच्या सहा कॅप्सूल म्हणजे दीड मिनिटाचं काम आहे. ते मुलाकडे द्या, मशीन त्याने आणलंय.